राजगड-तोरणा धारेवर पाठीवरचा ब्रश कटर: पावसाळा ते हिवाळा वापरल्यावर

मशीन चांगलं आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण वाटा साफ करणाऱ्या ग्रुपने दुकानात जाऊन सीसी विचारण्याआधी दोन गोष्टी ठरवाव्यात: हे धूड डोंगरावर नेणार कोण, आणि तिथे ते दिवसातून खरंच किती वेळ चालणार.

आमच्याकडे आहे तो पाठीवर घ्यायचा ब्रश कटर, म्हणजे इंजिनावर फिरणाऱ्या पात्याने गवत-झुडपं कापायचं मशीन, साधारण 36 सीसी, फोर स्ट्रोक. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, या वर्गातली बहुतेक मशीन सारखीच वागतात. काम राजगडाच्या संजीवनी माचीवरून, आळू दरवाजाने उतरून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणाऱ्या धारेवर. पावसाळा संपता संपता तिथे गवत छातीला लागतं. वाट दिसेनाशी झाली की माणसं शेजारून नवी पाडतात आणि पुढच्या पावसात दोन्ही वाटांतून पाणी वाहतं.

खांद्याला अडकवायच्या मॉडेलपेक्षा पाठीवरचं घेतलं, याचं समाधान आहे. इंजिन पाठीवर असल्यामुळे चढताना त्याचं वजन हातांवर येत नाही आणि हादरे हातात कमी येतात. फोर स्ट्रोकमुळे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची भानगड नाही, पण इंजिनात ऑइल साधारण 100 मिलीच असतं, म्हणून दर वेळी सुरू करण्याआधी बघावंच लागतं. नाजूक जागा एकच, पाठीवरच्या इंजिनापासून पात्याच्या दांड्यापर्यंत येणारा लवचीक शाफ्ट. तो फार वाकवून चालवला किंवा ग्रीस सुकलं की आतली केबल तुटते. जादा केबल सोबत ठेवतो.

आता खरा विषय, नियोजन. या धारेचं एक भाग्य म्हणजे मधल्या खिंडीतून डांबरी रस्ता आडवा जातो. मशीन, पेट्रोल, पहारी, घमेली सगळं जीपने खिंडीत उतरवायचं आणि तिथून दोन्ही बाजूंना काम न्यायचं. राजगडावरून सगळं वाहून आणायचं म्हटलं तर निम्मी माणसं हमालीतच दमतात. कामाचं माप आम्ही टाकीत धरतो. एका टाकीत पाऊण तास ते तास. नुसतं गवत असेल तर तेवढ्यात दीडशे-दोनशे मीटर वाट निघते. करवंदीच्या जाळ्या आणि घाणेरी लागली की पन्नास मीटरही मुश्किल. म्हणून आधी एक जण वही घेऊन धार चालून येतो आणि कुठे मशीन, कुठे कोयता, कुठे फक्त कुदळ हे लिहून आणतो. ती वही नसेल तर मशीनवाला सोपं गवत बघून तिकडेच रमतो. (मशीन हातात आलं की प्रत्येकाला हिरवळ दिसली तरी हात शिवशिवतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे.)

एका मशीनला पाच माणसं लागतात. एक जण काठी घेऊन पुढे, सुटे दगड बाजूला करायला आणि फुरसं-घोणस आहे का ते बघायला. एक चालवणारा, दर पंधरा-वीस मिनिटांनी बदलायचा. दोघं मागे दाताळ्याने कापलेलं गवत ओढणारे, एक कुदळवाला. चालवणाऱ्यापासून पंधरा मीटरच्या आत कोणी यायचं नाही, कारण मुरमातला खडा पात्याला लागला की गोळीसारखा सुटतो. पुढच्या काठीवाल्यालाही हाच नियम. जाड गवताला तीन दाती पातं, बोटभर जाडीच्या खोडांना ऐंशी दाती. नायलॉनची दोरी मोकळ्या मुरमावर बारीक खडे उडवते, म्हणून ती गावाजवळच्या सपाटीपुरती.

कुठे मशीन लावायचं नाही, ही यादी जास्त महत्त्वाची. तटबंदीला लागून अजिबात नाही. राजगड राज्य संरक्षित आहे आणि 2025 पासून जागतिक वारसा यादीतल्या बारा मराठा किल्ल्यांपैकी एक. पुरातत्त्व आणि वन, दोन्ही खात्यांचं लेखी पत्र खिशात असल्याशिवाय इंजिन सुरू करत नाही. कड्याला आग्यामोहोळ दिसलं की त्या टप्प्यात फक्त हातकाम. खाजकुयलीच्या शेंगा वाळल्यावर तिच्यात पातं घालणं म्हणजे कुसं हवेत उधळणं. दिवसभर अख्खा ग्रुप खाजवत बसतो. कारवीला हात लावायचा नाही, उतारावरची माती तिने धरून ठेवलेली असते. आणि गवतही मुळापासून नाही, तीन-चार बोटं ठेवूनच कापायचं. मशीनने उताराचं टक्कल करता येतं, पण मग पहिल्याच वळवाला तो मुरूम खाली येतो.

दिवाळीनंतर गवत वाळलं की तापलेल्या सायलेन्सरची भीती असते. पेट्रोल भरायचं ते उघड्या कातळावर, इंजिन दहा मिनिटं थंड करून, पाण्याचा कॅन शेजारी ठेवून. फेब्रुवारीनंतर आम्ही मशीन धारेवर नेतच नाही. उन्हाळा असतो पहारी-कुदळींचा: पाणी वाटेवरून वाहू नये म्हणून आडवे दगड बसवणं, बाजूला चर काढणं, निसटलेल्या पायऱ्या लावणं. वाट टिकते ती या कामाने, आणि त्यात ब्रश कटरचा काडीचा उपयोग नाही.

तक्रार एकच. दोन-तीन महिने पेट्रोल टाकीत राहिलं की मशीन सुरू होत नाही. अशा बऱ्याच छोट्या इंजिनांच्या माहितीपुस्तिकेत इथेनॉल 10 टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं आणि पंपावर मिळतं ते 20 टक्क्यांचं. मेकॅनिकने कार्बोरेटर उघडला तर आत चिकट थर. तेव्हापासून परत आल्यावर टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवूनच ठेवतो.

तुमचा ग्रुप वर्षातून दोन-चारदाच जाणार असेल तर विकत घेऊ नका. पायथ्याच्या गावांत आता शेतकऱ्यांकडे ग्रास कटर असतात. मशीनसकट माणसाला दिवसाची मजुरी आणि पेट्रोल द्या. त्याचा उतारावरचा तोल आपल्यापेक्षा चांगला असतो आणि कोणत्या दरडीखाली काय आहे हे त्याला ठाऊक असतं. वाचलेल्या पैशांत दोन दणकट पहारी, चार कुदळी, जाळीचे चष्मे आणि गुडघ्यापर्यंतची नडगीकवचं घ्या. आम्हीही दुसरं मशीन घ्यायचं ठरवलं होतं, ते रद्द करून सध्या पहारींचेच भाव विचारतोय.