पद्मिनीचा गिअरबॉक्स आणि ३८,५०० रुपयांची टोपी

जुन्या गाडीवाल्यांना टोपी कशी घालतात हे नव्यानं सांगायला नको. तरी लिहितोय, कारण त्या मिस्त्रीचा धंदा अजून जोरात आहे.

गाडी प्रीमियर पद्मिनी, स्टिअरिंगखालच्या गिअरची. दुसरा टाकताना करकर, उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की तिसरा निसटायचा, आणि चौथा सोडून सगळीकडे घरघर. चौथा डायरेक्ट असतो, म्हणजे इंजिनचा जोर सरळ चाकांकडे जातो, त्यात ले शाफ्टवर, म्हणजे बाकीचे गिअर फिरवणाऱ्या दातेरी दांड्यावर, भार येत नाही. म्हणजे दुखणं ले शाफ्टकडे. हे त्याला मीच सांगितलं. त्यानं मान डोलवत ऐकलं आणि माझंच निदान बिलात लिहून मला विकलं.

बिल असं: ले शाफ्ट १४,०००, बेअरिंग ६,४००, सिंक्रो रिंग (गिअर न करकरता पडावा म्हणून वेग जुळवणारी कडी) चार नग ९,६००, मजुरी ८,५००. वीस हजार आगाऊ दिले होते, १८,५०० गाडी घेताना.

चार नग! अहो, या गाडीच्या पहिल्या गिअरला सिंक्रो नसतोच. म्हणून तर आपण गाडी पूर्ण थांबवून पहिला टाकतो. वडिलांनी गाडी शिकवताना सगळ्यात आधी हेच बजावलं होतं. लागतात तीन, मग चौथी रिंग त्यानं बसवली कुठे, आरशाला? तो आकडा माझ्या नाकासमोर होता आणि मी यूपीआयचा पिन टाकत होतो. पण मला सांगा, इतके दिवस घरघरणारी गाडी मुकाट चालायला लागल्यावर नग कोण मोजतं? हॉस्पिटलच्या बिलातल्या सलाइनच्या बाटल्या मोजता का तुम्ही?

मुकाट का, तर आत १४० नंबरचं घट्ट ऑइल आणि वर ग्रीस. पहिल्याच घाटात ऑइल तापून पातळ झालं आणि घरघर परत. दुसऱ्या फिटरनं उघडायचे २,८०० घेतले. रिंगा जुन्याच, ले शाफ्टच्या दातांचे टवके उडालेले. ‘जुने पार्ट’ म्हणून मिळालेली पिशवी भलत्याच गाडीची. म्हणून गिअरबॉक्स समोर उघडायला लावा आणि आतल्या पार्टवर आपली खूण करा. नुसती पिशवी घेऊन घरी येऊ नका.

पोलीस ठाण्यात म्हणाले, "हा दिवाणी मामला." फसवणुकीचं कलम पूर्वी ४२० होतं, आता भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे, हे तक्रारदारानं शिकवायचं? वर हवालदार विचारतो, "साहेब, एवढ्या जुन्या गाडीला एवढा खर्च कशाला?" माझी गाडी, माझे पैसे, तुम्हाला काय करायचंय! ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तर गॅरेजवाल्यानं उत्तर दिलं नाही म्हणून तक्रारच बंद. म्हणजे चोरानं फोन उचलला नाही की चोरी झालीच नाही! परत विचारलं, तर म्हणे पक्कं बिल कुठे? कच्च्या कागदावर पैसे देऊ नका, जीएसटीचं बिल मागा. तोंड वाकडं केलं तर गाडी तिथून उचला.

आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षांची. तिथे फिटरचा लेखी अहवाल लागणार, आणि आमचा फिटर म्हणतो, "दादा, सगळं तोंडी सांगतो, सही मागू नका. आम्हाला याच लाइनीत राहायचंय."

आणि हो, गिअर ऑइल जीएल-४ ग्रेडचंच भरायला सांगा. जीएल-५ पितळी रिंगा खाऊ शकतं. डबा समोर फोडून घ्या.