पेट्रोकॅरिब : तेल उधारीचे, जीभ विक्रेत्याची

व्हेनेझुएलाने २९ जून २००५ रोजी प्वेर्तो ला क्रूझ येथे सुरू केलेली ‘पेट्रोकॅरिब’ ही कॅरिबियन व आसपासच्या देशांसाठीची तेलपुरवठ्याची सेवा केवळ करारपत्रावरून जोखली, तर तिला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. तेलाचा दर बाजारभावाचाच होता. सवलत होती ती पैसे चुकते करण्याच्या मुदतीत. पिंपाचा भाव १०० डॉलरवर गेला, की ग्राहक देशाने निम्मी रक्कम ९० दिवसांत भरायची आणि उरलेली निम्मी २५ वर्षांत, त्यातही पहिली दोन वर्षे हप्त्याविना, अवघ्या १ टक्का व्याजाने फेडायची. भाव ५० डॉलर असेल, तर उधारीचा वाटा ४० टक्के. उधारी मालाच्या रूपाने फेडण्याचीही सोय असल्यामुळे गयानाचा तांदूळ तेलाच्या हिशेबात वळता होत असे. आयात तेल जाळूनच वीज निर्माण करणाऱ्या छोट्या बेटांना याचे मोल वेगळे समजावून सांगण्याची गरज नव्हती.

या सेवेतील खरा दोष करारात कुठेच लिहिलेला नव्हता. तो होता व्हेनेझुएलाचे अध्यक्ष ह्यूगो चावेझ यांच्या तोंडाचा पट्टा. २० सप्टेंबर २००६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत त्यांनी, आदल्या दिवशी त्याच व्यासपीठावरून बोललेल्या अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांना सैतान म्हटले आणि तेथे अजून गंधकाचा (ख्रिस्ती समजुतीप्रमाणे सैतानाच्या खुणेचा) वास येत असल्याचे सांगितले. सभागृहात हशा पिकला, टाळ्याही पडल्या. मात्र पुढच्याच महिन्यात सुरक्षा परिषदेतील लॅटिन अमेरिकेच्या जागेसाठी मतदान झाले, तेव्हा व्हेनेझुएला जवळजवळ प्रत्येक फेरीत ग्वाटेमालाच्या मागे राहिला. दोन तृतीयांश मते कोणालाच मिळेनात. ४७ फेऱ्यांनंतर नोव्हेंबरमध्ये ती जागा तडजोड म्हणून पनामाला गेली. व्हेनेझुएलाची पाठराखण करणाऱ्या कॅरिबियन देशांनी अमेरिकेची नाराजी ओढवून घेतली आणि हाती काहीच लागले नाही. (ज्या ग्वाटेमालाने ही वाट अडवली, तोच २००८ मध्ये पेट्रोकॅरिबचा सदस्य झाला आणि २०१३ मध्ये बाहेरही पडला.)

अमेरिकेचा तेलपुरवठा तोडण्याची धमकी चावेझ यांनी वारंवार दिली. परंतु २००८ मध्ये एक्सॉनमोबिलची विक्री काही काळ थांबवण्यापलीकडे ती फारशी गेली नाही, आणि त्याचे कारण उघड होते. व्हेनेझुएलाचे जड कच्चे तेल शुद्ध करू शकणारे कारखाने मुख्यतः अमेरिकेच्या मेक्सिको आखाताकडील किनाऱ्यावर होते, त्यांतील काही तर व्हेनेझुएलाच्याच सिटगो या कंपनीचे होते, आणि रोख पैसे तेथूनच येत होते. बेटांना मिळणारी उधारी याच रोकडीच्या आधारावर उभी होती. ज्याला सैतान म्हणायचे त्याच्याच पैशांवर मित्रांची उधारी चालवायची, हा व्यवहार भाषण देणाऱ्याला परवडत असेल. पर्यटक आणि परदेशस्थ नातेवाइकांनी पाठवलेला पैसा या दोन्हींसाठी अमेरिकेकडे डोळे लावून बसलेल्या बेटांना तो परवडणारा नव्हता. त्रिनिदाद आणि बार्बाडोस यांनी करारावर सहीच केली नाही. त्रिनिदाद स्वतः शेजाऱ्यांना इंधन विकत असल्याने त्याचा विरोध निव्वळ तात्त्विक नव्हता, हेही खरे.

विक्रीपश्चात सेवेबद्दल फार बोलण्यासारखे नाही. मार्च २०१३ मध्ये चावेझ यांचे निधन झाले, २०१४ मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि पैशांची चणचण भासू लागलेल्या व्हेनेझुएलाने डॉमिनिकन प्रजासत्ताक व जमैका यांची कर्जे २०१५ मध्ये निम्म्याहून कमी रकमेत मिटवून टाकली. ग्राहकाच्या दृष्टीने हा सौदा उत्तमच. गयानाचा अनुभव मात्र वेगळा होता : गयानाच्या ताब्यातील, पण व्हेनेझुएला हक्क सांगत असलेल्या एसेक्विबो प्रदेशावरील जुना वाद त्याच वर्षी उफाळला आणि तांदळाचा करार संपुष्टात आला. हैतीत तर पेट्रोकॅरिबच्या उधारीतून हाती आलेल्या निधीचे काय झाले, हा प्रश्न विचारत २०१८ मध्ये लोक रस्त्यावर उतरले. त्यात दोष हैतीच्या राज्यकर्त्यांचा अधिक, पण हिशेब न मागणारा सावकारही त्यांना सोयीचाच पडला.

राजनैतिक निष्ठा विकत घेण्याचे साधन म्हणूनही ही सेवा फारशी टिकली नाही. १० जानेवारी २०१९ रोजी चावेझ यांचे वारसदार निकोलस मादुरो यांची नवी कारकीर्द वैध न मानण्याचा ठराव अमेरिकी राज्यांच्या संघटनेत (दोन्ही अमेरिका खंडांतील देशांच्या संघटनेत) आला, तेव्हा निकाराग्वा, डॉमिनिका, सेंट व्हिन्सेंट आणि सुरिनाम विरोधात उभे राहिले, तर जमैका, हैती, गयाना आणि डॉमिनिकन प्रजासत्ताक यांनी ठरावाच्या बाजूने मत दिले. त्याच वर्षी जमैकाने पेट्रोजॅम या तेलशुद्धीकरण कंपनीतील व्हेनेझुएलाचा ४९ टक्के हिस्सा कायदा करून ताब्यात घेतला.