म्हापशातलं जुन्या पुस्तकांचं दुकान: धूळ खावी लागते, तरी जा

शुक्रवारच्या बाजारात सुके बांगडे घ्यायला गेले आणि येताना थॉमस पेनचं ‘कॉमन सेन्स’ घेऊन आले. दुकानात पंखा नाही, विषयवार मांडणी नाही. पाककृतींच्या गठ्ठ्याखाली अमेरिकन क्रांती. दुकानदार मात्र भला. किंमत ८० सांगितली, मग ‘टीचर, शेवटची पानं सुटलीत’ म्हणत आपणहून २० कमी केले.

पुस्तिका छोटीशीच, जानेवारी १७७६ची. तोवर अमेरिकेतल्या वसाहतवाल्यांचा राग मुख्यतः ब्रिटिश पार्लमेंटच्या करांवर होता. पेनने थेट राजेपदालाच हात घातला: बाप राजा म्हणून पोरगा राजा का? बेटाने खंडावर राज्य करायचं, हे कुठलं गणित? सहा महिन्यांत अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा आला, मसुदा थॉमस जेफरसनचा. ज्यांच्यावर राज्य करायचं त्यांच्या संमतीतूनच सत्ता येते, हा त्यातला इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकचा धागा. पुढे ब्रिटनचा राजा तिसऱ्या जॉर्जविरुद्ध २७ तक्रारी, पंचायतीत अर्ज द्यावा तशा ओळीने. गुलामांच्या व्यापारावरचा जेफरसनचा परिच्छेद मात्र काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, गाळला. (लिहिणाराही गुलाम बाळगून होताच म्हणा.)

अकरा वर्षांनी, १७८७ला, आपल्या गोव्यात कांदोळीच्या पिंटोंचा पोर्तुगीज सत्तेविरुद्धचा कट फसला. त्यावर काही आहे का विचारलं, तर दुकानदाराने माळ्याकडे बोट दाखवलं. शिडीची तिसरी पायरी मोडकी आहे, सांभाळून चढा. आणि सुटे पैसे न्या, यूपीआय नाही.