आंब्याच्या प्री-बुकिंगला पेमेंट गेटवे घेताय? आधी हे वाचा (५ पैकी २ स्टार)

देवगडला आमची हापूसची बाग आहे, दलालाकडे न पाठवता थेट गिऱ्हाईकाला पेट्या देतो, त्यासाठी वेबसाईट केली आणि एका मोठ्या पेमेंट गेटवेची, म्हणजे वेबसाईटवर गिऱ्हाईकाचे ऑनलाईन पैसे घेऊन आपल्या खात्यात देणाऱ्या कंपनीची, सर्व्हिस घेतली. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण आपल्यासारख्या सीझनल धंद्याकडे हे लोक कसे बघतात ते जास्त महत्त्वाचं आहे.

आधी चांगलं सांगतो. कार्ड, यूपीआय, नेट बँकिंग सगळं एकाच पानावर, पेमेंट अडकत नाही, मोबाईलवर तर एकदम झकास चालतं. फी दोन टक्क्यांच्या आसपास आणि त्या फीवर १८ टक्के जीएसटी. पैसे दोन दिवसांत खात्यात. फेब्रुवारीत बुकिंग सुरू केलं तेव्हा काही म्हणजे काही त्रास नव्हता.

मार्चअखेर ऑर्डरी एकदम वाढल्या आणि डॅशबोर्डवर वर एक पट्टी आली, सेटलमेंट ऑन होल्ड, म्हणजे आपल्या खात्यात यायचे पैसे अडवले. बास. फोन नाही, आधी सूचना नाही. रिस्क टीमचा एक ईमेल, खाली कुणाचं नाव नाही, तुमचा व्यवसाय हाय रिस्क वाटतो, कागद पाठवा. आणि ही वेळ कुठली तर ऐन तोडीची! झेला घेऊन झाडावर चढणारे गडी, बागेत राखणीला राहिलेले नेपाळी, पेट्या, गवत, टेम्पोचं भाडं, यातलं कोण थांबणारे पैशासाठी?

त्यांचं कारण नीट समजून घेतलं मी, आणि ते मला पटतं. पैसे आज घेतले आणि माल दीड-दोन महिन्यांनी जाणार, मध्ये विकणारा पळाला तर कार्डवाला गिऱ्हाईक बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे पैसे परत मागण्याचा दावा, टाकतो, माल मिळायच्या तारखेपासून साधारण १२० दिवसांपर्यंत टाकता येतो, आणि विकणाऱ्याच्या खात्यात काही नसेल तर ते गेटवेच्या बोकांडी बसतं. त्यात आपलं खातं वर्षभर झोपलेलं आणि दोन महिने एकदम उसळलेलं, म्हणजे त्यांच्या सिस्टीमला घोटाळाच दिसणार. पण बाबांनो, केवायसीच्या वेळी मी स्पष्ट लिहिलं होतं की आंबा आहे, ॲडव्हान्स बुकिंग आहे, माल एप्रिल-मेमध्ये जाणार. तेव्हाच सांगायचं ना! हे मला अजिबात मान्य नाही.

कागदांची गंमत वेगळीच. जीएसटी सर्टिफिकेट मागितलं. अहो ताज्या आंब्यावर जीएसटीच नाही, फक्त करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणी लागत नाही, हे सपोर्टच्या तिकिटावर, म्हणजे तक्रारीच्या नोंदीवर, लिहून दिलं तर तिकीटच बंद, पुन्हा नवीन उघडा. सातबारा पाठवला तर इंग्रजीत पाहिजे म्हणाले. ट्रान्सपोर्टच्या पावत्या, डिलिव्हरीचे फोटो, गिऱ्हाईकांचे व्हॉट्सॲप मेसेज असं सगळं दिल्यावर कुठे पैसे सुटले, तेही पूर्ण नाहीत. काही टक्के रोलिंग रिझर्व्ह, म्हणजे चार्जबॅक आला तर हाताशी असावी अशी राखीव रक्कम, म्हणून सहा महिने अडकवून ठेवले. सहा महिन्यांत आंबा संपतो, पावसाळी खतं घालून होतात, पुढच्या मोहोरासाठीचं कल्टार औषध देऊन होतं, आणि पैसे अजून तिकडेच.

एक दिलासा म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे अशा कंपन्यांना गिऱ्हाईकाचे पैसे बँकेतल्या एस्क्रो खात्यात वेगळे ठेवावे लागतात, स्वतःच्या धंद्यात वापरता येत नाहीत. आणि तक्रारीसाठी नोडल ऑफिसर नेमावाच लागतो, त्याचं नाव वेबसाईटवर असतं. माझं काम हललं ते त्याला लिहिल्यावरच, सपोर्टवर वेळ घालवू नका.

आता आम्ही बुकिंगला फक्त थोडी टोकन रक्कम घेतो, तीही बँकेच्या क्यूआरवर यूपीआयने, आणि उरलेले पेटी निघायच्या आदल्या दिवशी लिंक पाठवून. रिफंड आणि डिलिव्हरीच्या तारखा साईटवर मोठ्या अक्षरात टाकल्यात, साका (आतून खराब झालेला गर) निघाला तर काय करणार तेसुद्धा. तारकर्ली-मालवणला स्कूबाचं नाहीतर होमस्टेचं ॲडव्हान्स बुकिंग घेणाऱ्यांनाही हाच प्रकार होतो. त्यांनी आणि आंबेवाल्यांनी खातं उघडतानाच ईमेलवर विचारा, होल्ड कधी लावता, रिझर्व्ह किती टक्के, किती महिने. लेखी उत्तर देत नसतील तर दुसरा गेटवे बघा.

दोन स्टार दिलेत ते चेकआऊटसाठी.