सागवान सांगून जिन्यावर छापील कागद चिकटवला, आणि तक्रार घ्यायला कोणी तयार नाही

आगाऊ पैसे घेऊन गायब होणारे ठेकेदार सगळ्यांना माहीत आहेत. माझा ठेकेदार गायब झाला नाही. त्याने काम पूर्ण केलं, जिना पुसून दिला, फोटो काढले आणि गेला. अशा माणसाला धरणं पळून गेलेल्यापेक्षा कितीतरी अवघड असतं, म्हणून हे लिहितेय.

ठरलं होतं ते असं: 14 पायऱ्या, प्रत्येकीवर 20 मिमी जाडीची सागवानाची अखंड फळी, रायझरला, म्हणजे दोन पायऱ्यांमधल्या उभ्या बाजूला, सागवानाचंच पातळ आवरण, पुढच्या कडेला गोलाई दिलेलं नोझिंग. नमुना म्हणून त्याने हातात ठेवलेला तुकडा खरोखर सागवानाचा होता. जड, तेलकट वासाचा, आणि वरची रेषा कापाच्या बाजूने खाली उतरलेली. पायऱ्यांवर बसलं ते वेगळंच. खाली 12 मिमी प्लाय, त्यावर 2 मिमी फोम आणि वर 8 मिमी लॅमिनेट. म्हणजे लाकडाच्या दाबलेल्या तंतूंची पाटी आणि तिच्यावर लाकडाचं चित्र छापलेला कागद. नोझिंगची पट्टी मात्र त्याने खऱ्या सागवानाची लावली होती. जिन्याखाली उभं राहून वर बघितलं की नजरेला फक्त कडा पडते, आणि कडा अस्सल होती. लॅमिनेट वाईट असतं असं मी म्हणत नाही. लॅमिनेट म्हणून विकलं, लॅमिनेटचे पैसे घेतले, तर माझी काही तक्रार नसती.

पैसे कसे गेले ते नीट वाचा. 50 टक्के लाकूड बुक करायला. 40 टक्के खोकी दारात उतरल्यावर, ती उघडण्याआधी, कारण गाडीवाला म्हणे थांबायला तयार नव्हता. ठरलेल्या रकमेवर आणखी 5 टक्के पॉलिशचे. लॅमिनेटला पॉलिश नसतं! त्याने फडक्याने काहीतरी चकचकीत पुसलं आणि त्याचे पैसे घेतले. शिवाय मापातही मारलं. पायरी 3 फूट रुंद आणि 10 इंच खोल, अशा 14, म्हणजे 35 चौरस फूट. रायझर 7 इंचांचे, 15, म्हणजे साधारण 26. एकूण 61. बिलात 92 लावले. विचारलं तर उत्तर एकच, "जिन्यात वेस्टेज जास्त जातं." जातं, मान्य आहे, पण निम्मं नाही जात. बिलावर सही करायच्या आधी टेप घेऊन स्वतः मोजा.

आता त्या क्षणाबद्दल, ज्यावरून घरचे सगळे मला अजून ऐकवतात. पाचव्या पायरीवर एक गाठ होती, बदामाच्या आकाराची, तिच्या उजव्या टोकाला केसाएवढी बारीक चीर. नवव्या पायरीवर तीच गाठ दिसली. तीच चीर, त्याच बाजूला, तेवढीच. मी तिथल्या तिथे विचारलं. तो क्षणभरही अडखळला नाही. म्हणाला, "ताई, एकाच ओंडक्यातून पाठोपाठ फळ्या कापल्या की नक्षी जुळतेच." आणि हे खोटं नाही, हीच तर त्याची चलाखी. लागोपाठ कापलेल्या फळ्यांची नक्षी मिळतीजुळती येतेच. पण मिळतीजुळती, हुबेहूब नाही. केसाएवढी चीर दोन फळ्यांवर एकाच ठिकाणी येते ती फक्त छापखान्यात. दुसरी खूण भुशाची. करवत चालू होती तेव्हा खाली पडत होती ती कोकोसारखी तपकिरी, बारीक पूड. सागवान कापताना घरभर जो वास सुटतो, तो अजिबात नव्हता. हे सगळं आज जोडून बघितलं की रक्त उसळतं. पण मी सुतार नाही. दिसलं ते मी विचारलं होतं, आणि ज्याला कामाचे पैसे दिले त्याच माणसाने तोंडावर खोटं सांगितलं. दोष त्याचा आहे, माझा नाही.

उघड झालं ते आई उतरताना. वरून तिसऱ्या पायरीचं नोझिंग तिच्या टाचेखाली सुटलं. कठडा हातात होता म्हणून ती वाचली. पट्टी उचलून बघितली तर मागे सिलिकॉनची एक ओळ आणि दोन बारीक खिळे. जिन्याचं नोझिंग गोंद आणि स्क्रू दोन्हींनी धरावं लागतं, कारण उतरणाऱ्याचा सगळा भार त्या कडेवर येतो. पायरीवर फोम तर घालायचाच नसतो. तो खोलीतल्या तरंगत्या, म्हणजे न चिकटवता नुसत्या अंथरलेल्या, फ्लोअरिंगखाली चालतो. पायरीची फळी पूर्ण चिकटवलेली हवी, नाहीतर प्रत्येक पावलाला ती दबते आणि सांधे सुटतात.

उंचीचं तर कोणी बोलतच नाही. प्रत्येक पायरी 22 मिमीने वर आली, पण खालची जमीन आणि वरचा मजला होता तिथेच राहिला. त्यामुळे पहिली पायरी 22 मिमीने उंच झाली आणि शेवटची तेवढीच बुटकी. दोन्हींत 44 मिमीचा फरक. अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेत एका जिन्याच्या सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटक्या रायझरमध्ये 9.5 मिमीपेक्षा जास्त फरक चालत नाही. पाय सवयीने पडतो, तिथेच माणूस अडखळतो. जाणकार सुतार काम घेण्याआधीच सांगतो की जुना थर काढावा लागेल किंवा मजल्याची पातळी जुळवावी लागेल.

मग सुरू झाली तक्रार. पोलीस म्हणाले, काम झालंय ना, मग हा दिवाणी वाद. सागवान सांगून कागद देणं ही फसवणूक नाही तर काय आहे, असं विचारलं तर समोरचा साहेब दुसऱ्या अर्जाकडे वळला. ग्राहक तक्रारीच्या टेबलावर बिल मागितलं. बिलावर "जिन्याचे वुडन फ्लोअरिंग" एवढंच लिहिलेलं. लाकडाचं नाव नाही, जाडी नाही. "यात सागवान कुठे लिहिलंय?" तज्ज्ञाचा अहवाल आणा म्हणाले. तज्ज्ञ म्हणाला, एक फळी उखडल्याशिवाय लिहून देणार नाही. फळी उखडण्याबद्दल टेबलावर विचारलं, तर म्हणे, उखडलीत तर समोरचा म्हणेल तुम्हीच मोडतोड केली. मग आम्ही करायचं काय? टेबलापलीकडे बसलेल्या एकालाही जिना बघायला यावंसं वाटलं नाही. आई पडली असती तर आले असते का? ज्या संकेतस्थळावरून हा ठेकेदार मिळाला त्यांनी कळवलं की आम्ही फक्त ओळख करून देतो. माझं परीक्षण मात्र त्यांनी लगेच काढून टाकलं.

बिलावर लाकडाचं नाव, जाडी आणि "अखंड, थरांचं की लॅमिनेट" हे तिन्ही लिहून घ्या. लिहायला टाळाटाळ करतो त्याला काम देऊ नका. दुसरा हप्ता खोकी उघडून, एक फळी आडवी कापून, तिची कड बघितल्यावरच. त्या कापातला तुकडा रात्रभर पाण्यात ठेवा. लॅमिनेटची पाटी कडेने फुगते. नमुन्याच्या तुकड्यावर त्याची सही घ्या आणि तो तुमच्याकडेच ठेवा. माझ्याकडचा त्याने "रंग जुळवायला" म्हणून परत नेला. रिकामी खोकी, लेबलं आणि कापलेले तुकडेही कचरा आवरतो म्हणत त्यानेच उचलले. एक तुकडा कपाटामागे पडला म्हणून राहिला. तोच आता अर्जासोबत जोडलाय.

नोझिंग दुसऱ्या सुताराकडून स्क्रू मारून घट्ट करून घेतलं, त्याचे पैसे वेगळे गेले. आणि हा माणूस आता उरलेल्या 10 टक्क्यांसाठी फोन करतो, वकिलाची नोटीस पाठवीन म्हणतो. पाठवू दे. निदान त्या नोटिशीत तरी त्याला लिहावं लागेल की त्याने कोणतं लाकूड बसवलं.