मुलांच्या कपड्यांवरचे डाग आणि ऑक्सिजन ब्लीच पावडर: सात महिने वापरल्यानंतर

एप्रिलमध्ये ही पावडर मागवली तेव्हा घरात आंब्याची आढी लावलेली होती आणि धाकटी नुकतीच अकरा महिन्यांची झालेली, म्हणजे जे हाताला लागेल ते आधी तोंडात आणि मग झबल्याला. आता नोव्हेंबर चालू आहे, एक किलोचं पहिलं पाकीट संपून दुसरं अर्ध्यावर आलंय, त्यामुळे आता मनापासून लिहू शकते. आम्ही रत्नागिरीत राहतो, आंबा, जांभूळ, काजू, लाल माती सगळं दारातच, आणि मोठा सहा वर्षांचा आहे.

पावडर म्हणजे सोडियम परकार्बोनेट. पाण्यात विरघळली की त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं आणि तेच डागाचा रंग घालवतं. पण थंड पाण्यात ती जवळजवळ झोपलेलीच असते हो! पहिले पंधरा दिवस मी नळाच्या पाण्यात टाकत होते आणि पैसे वाया गेले असंच वाटत होतं. मग एकदा गीझरचं चांगलं कोमट, हाताला सोसेल इतपत पाणी घेतलं, अर्ध्या बादलीला एक मोठा चमचा पावडर टाकली आणि बारीक बुडबुडे यायला लागले, कान जवळ नेला तर सोडा वॉटरसारखी चुरचुर ऐकू येते. त्यात आंब्याच्या रसाचं पांढरं झबलं दोन तास ठेवलं, पिवळा डाग पूर्ण गेला. जांभळाचा पण गेला, फक्त तो आधी निळसर होतो, घाबरू नका, नंतर उतरतो.

पण दूध आणि रक्ताला आधी कोमट पाणी अजिबात नाही!! धाकटी दूध काढायची तेव्हा मी सवयीने सगळं गरम पाण्यात भिजवायचे आणि कॉलरवर पिवळट कडा कायमची बसायची, वास पण जायचा नाही. प्रोटीनचा डाग गरम पाण्याने शिजून धाग्यात पक्का होतो. आता आधी थंड पाण्याखाली उलट्या बाजूने धुते, मग एन्झाइमवाल्या डिटर्जंटमध्ये अर्धा तास, आणि तरी काही राहिलंच तर ही पावडर. मोठ्याचं गुडघं फुटलं होतं तेव्हाची पॅन्ट अशीच स्वच्छ निघाली.

हळदीचं सांगते, कारण सगळ्यात जास्त वेळा तेच होतं, रोजचा वरणभात. साबण लावला की डाग लालभडक होतो आणि नवीन आईला वाटतं आता हा गेला कामातून. हळदीत चुना घातला की कुंकू होतं ना, तेच आहे ते, साबण पण अल्कलीच. माझ्या सासूबाई पहिल्यापासून सांगत होत्या, "अगं, उन्हात टाक आधी, बाकी काही करू नको," आणि मी ऐकलं नाही. मग मे महिन्यात एक दिवस एकसारखी दोन लंगोटं घेतली, एक पावडरीत भिजवलं आणि दुसरं नुसतं साबणाने धुवून ओलंच अंगणात दोरीवर घातलं. दुपारी चारला उन्हातल्यावर डाग शोधायला लागत होता आणि बादलीतल्यावर फिकट पिवळा अजून होता. म्हणजे हळदीला ऊनच, पावडर नंतर. पावसाळ्यात ऊन नसतं तेव्हा मात्र हीच उपयोगी पडली, दोन वेळा भिजवावं लागतं.

लाल मातीचे कपडे लगेच पाण्यात घालू नका, चिखल सुकू द्या, ब्रशने झाडा, मग धुवा. ओलं चोळलं की ती आत शिरते. शाळेच्या शर्टावरच्या बॉलपेनला खाली जुनं फडकं ठेवून सॅनिटायझर, नंतर धुणं, तिथे पावडर कामाची नाही.

आता जिथे हरली ते. एक, डॉक्टरांनी दिलेले लोहाचे ड्रॉप्स. लाळेऱ्यावर तपकिरी ठिपके पडतात आणि ते या पावडरीने हलत नाहीत, उलट लोहाच्या डागावर असं ब्लीच वापरलं तर कापड विरू शकतं. त्याला लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवते, बरेचसे जातात. दुसरं, काजूचं बोंड. मोठ्याने बोंडं चोखली आणि नवीन टीशर्टवर रस गळला, मी तीन वेळा भिजवला, अजून तसाच आहे, आता तो घरात घालायचा झालाय.

लोकर आणि रेशमाला ही वापरायची नाही, परकर पोलक्याला तर नकोच. गडद रंगाला आधी आतल्या शिवणीवर थेंब टाकून बघा.

आणि हे नक्की वाचा: भिजवलेलं उरलेलं पाणी बाटलीत भरून झाकण लावू नका. मी एकदा उद्या वापरू म्हणून ठेवलं, त्यातून गॅस सुटतच राहतो, सकाळी बाटली फुगून टणक झाली होती, आणि ती धाकटीच्या हाताला येईल अशा फळीवर होती. अजून आठवलं तरी धडधडतं. तेवढ्यापुरतंच करायचं आणि उरलं ते ओतून द्यायचं.

पहिलं पाकीट जुलैमध्ये दमट हवेने दगडासारखं झालं, आता घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवते. दुसरं संपलं की परत हीच घेणार, फक्त पावसाळ्याच्या तोंडावर किलोऐवजी अर्धा किलो.