देवणी घ्यावी की लाल कंधारी? हिवाळ्याच्या दावणीवरून सांगते

नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा जवळ आली की दावणीला गाय बांधायची म्हणणारी माणसं एकच विचारतात: देवणी घेऊ की लाल कंधारी? आमचं रान अहमदपूर आणि कंधार तालुक्यांच्या शिवेवर आहे. एका अंगाला देवणीचा मुलूख, दुसऱ्या अंगाला कंधारीचा. पाच एकर शेत, आखाड्यावर दोन देवणी, तीन कंधारी आणि एक बैलजोडी. अकरा हिवाळे दोन्ही जाती एकाच गव्हाणीला बांधल्यात, म्हणून हिवाळ्यावरूनच सांगते. श्रावणात बांधावर हिरवं असतं तेव्हा कुठलंही जनावर चांगलंच दिसतं.

रूपावर भाळायचं तर दोघीही भाळण्यासारख्या. देवणीचं कपाळ भरदार, कान लांब लोंबते. तिच्यात रंगावरून तीन प्रकार: अंगभर काळे ठिपके असलेली शेवरा सगळ्यांच्या ओळखीची, वान्नेरा आणि बालंक्या त्यामानाने पांढऱ्या. कंधारी तांबडी, बांध्याने आटोपशीर, डोळ्याभोवती काजळ घातल्यासारखं काळं कडं. एवढ्यावर मात्र निवड करू नका.

खरा प्रश्न वैरणीचा आहे. जनावराला दिवसाला वजनाच्या साधारण अडीच टक्के कोरडा चारा लागतो. माझी देवणी १० किलो खाते, कंधारी सात-साडेसातवर भागवते. डिसेंबरपासून नवा कडबा हाती येईपर्यंतचे १०० दिवस धरा: एका देवणीला १० क्विंटल, कंधारीला साडेसात. हा फरक पेंड्यांत मोजला की डोळे उघडतात, कारण शाळूची (रब्बी ज्वारीची) काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे अख्खी थंडी मागच्या वर्षीच्या गंजीवर काढायची असते. सोयाबीन आलं तशी आपल्याकडची ज्वारी हटली आणि कडबाही हटला. आता उरते सोयाबीनची गुळी (मळणीनंतरचा भुसा), तुरीचं भुसकट आणि कारखाना सुरू झाला की उसाचं वाढं (शेंड्याचा हिरवा पाला).

कंधारी गुळी मुकाट्याने खाते आणि दुपारी माळावर सोडली तर वाळलं गवत हुडकून अर्धं पोट भरून येते. (ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यात मात्र तिला शिरू देऊ नका, किराळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीचं विष, लागलं तर डॉक्टर येईपर्यंत जनावर राहत नाही.) देवणी निवडून खाते. एका वर्षी मी पावसात भिजलेली गुळी स्वस्त मिळाली म्हणून घेतली. वरून कोरडी होती, आतून बुरशी. देवणीने दोन दिवस गव्हाणीत तोंड घातलं नाही आणि दूध निम्म्यावर आलं. वाढ्याचंही तसंच. त्यातलं ऑक्झॅलेट अंगातला कॅल्शियम बांधून टाकतं आणि दूध जास्त देणाऱ्या गाईला ते आधी जाणवतं. मी वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडते आणि निम्म्याहून जास्त वैरण वाढ्याची होऊ देत नाही.

थंडीचं सांगते. परभणीकडे पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, आमच्या माळावर वाराही असतो. मोठी गाय दोन्ही जातींतली टिकते. गोठ्याच्या उत्तरेला बारदानाचा पडदा, खाली पाचट आणि कोरडी जागा एवढं पुरतं. कस लागतो वासराचा. गेल्या पौषात पहाटे तीनला देवणी व्याली. कालवड मोठी, ओलीचिंब, कानाची टोकं हाताला बर्फ लागावीत तशी. सासूबाईंनी शेगडी पेटवली आणि मी गोणपाटाने छातीपासून पाठीपर्यंत चोळत बसले. ती पायावर उभी राहायला पाऊण तास लागला. चीक बोटाने चाटवला तेव्हा जिभेला जोर आला आणि माझ्या जिवात जीव आला. पुढच्याच आठवड्यात कंधारी व्याली. गोऱ्हा लहानसा, पण मी कंदील घेऊन पोचेपर्यंत आचळ हुडकत होता. दोन वेतांवरून जात ठरत नाही हे मला कळतं, पण आमच्या दावणीला दरवर्षी असंच होत आलंय.

आणखी एक: हौदातलं रात्रीचं गार पाणी जनावर पोटभर पीत नाही. पहाटे बोअरचं ताजं पाणी कोमट असतं, ते पाजा.

दुधात देवणी पुढे. एका वेताला सरासरी ८५०-९०० लिटर, कंधारीचं ६०० च्या आसपास. माझ्याकडे थंडीत देवणी दोन्ही वेळचं मिळून चार लिटर देते, कंधारी दोन-सव्वादोन. डेअरीला घालून संसार चालवायचा असेल तर दोन्ही नकोत. घरच्या लेकरांना दूध, वर ताक-तूप असं हवं असेल तर देवणी.

नरांचा विचार मात्र आधी करा. १९७६ च्या कायद्याने आपल्या राज्यात गाईची कत्तल बंद होती, २०१५ च्या दुरुस्तीने बैल आणि वळूचीही झाली. म्हणजे मांसासाठी गोवंश पाळण्याचा मार्गच नाही आणि थकलेला बैलही शेवटपर्यंत तुमच्याच गव्हाणीला. जो गोऱ्हा होईल त्याला काम हवं किंवा गिऱ्हाईक हवं. कंधारीचा बैल मुरमाड रानात, उन्हातान्हात कामाला चिवट आणि खायला कमी. देवणीचा बैल दांडगा, काळ्या जमिनीत जड अवजाराला चांगला, हाळी-हंडरगुळीच्या बाजारात त्याला विचारणारे भेटतात. पण ट्रॅक्टरने दोघांचंही काम खाल्लंय आणि या जाती कमी होण्याचं मोठं कारण तेच आहे.

तर माझं मत असं. विहिरीला मार्चपर्यंत पाणी, स्वतःच्या ज्वारीचा कडबा आणि रात्री उठणारं माणूस घरात असेल तर देवणी आणा, एकच आणा. रान माळाचं, पाणी संक्रांतीपर्यंत, बैलाने पेरणी-कोळपणी करणार असाल तर कंधारी. पाच एकरांच्या कोरडवाहू घराला मी डोळे झाकून कंधारी सांगेन. पुढे दोन्ही बांधल्यात तरी एकीवर दुसरीचा वळू जाऊ देऊ नका. कृत्रिम रेतन करताना रेताची कांडी कोणत्या जातीच्या वळूची आहे ते विचारून लिहून ठेवा. शंका आली तर उदगीर आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे जा.

माळेगावला मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला गर्दीत सौदा करू नका. दुसऱ्या दिवशी येळवस (वेळ अमावास्या, रानात पूजा-जेवणाचा सण), तेव्हा तर निम्म्या लोकांचं लक्ष रानातल्या भज्जी-आंबिलीकडे असतं. यात्रा चार-पाच दिवस असते. दात बघा, चारही सडांची धार स्वतः काढून बघा, लाळ्या-खुरकूत आणि लम्पीची लस कधी दिली ते विचारा. आणि पसंत पडलेली गाय दुपारी नव्हे, पहाटे पाचला बघायला जा. रात्रभर उघड्यावर काढलेलं जनावर पाठ वाकवून, केस फुलवून थरथरतंय की बसून निवांत रवंथ करतंय, ते त्या वेळी झाकता येत नाही.